छातीतली गाठ आणि 'इस्ट्रोजन शून्यावर आणा' वाला मेसेज

गेल्या आठवड्यात वहिनीचा फोन आला. दादाच्या पँटच्या खिशात अ‍ॅनास्ट्रोझोलची पट्टी सापडली, धुवायला टाकताना. तिने नेटवर नाव शोधलं तर स्तनाच्या कॅन्सरच्या बायकांना देतात ते औषध निघालं, बिचारी हादरलीच. दादाचं दोन वर्षांपूर्वी पिट्युटरीचं (मेंदूच्या तळाशी असलेली, टेस्टोस्टेरॉन बनवायचा हुकूम देणारी ग्रंथी) ऑपरेशन झालंय, तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन चालू आहे. दोनेक महिने तो भांडुपहून लोकल पकडताना बॅग पुढे छातीवर न घेता हातात धरायचा, विचारलं तर काही नाही म्हणायचा. डाव्या निपलखाली रुपयाच्या नाण्याएवढी गाठ झाली होती आणि नुसता धक्का लागला तरी कळ यायची. डॉक्टरांना सांगायची लाज वाटली म्हणून जिममधल्या मित्राला विचारलं, त्याने एक मेसेज फॉरवर्ड केला आणि मेडिकलवाल्याने चिठ्ठी न मागता गोळ्या दिल्या.

मेसेज थोडक्यात असा: टेस्टोस्टेरॉनचं शरीरात इस्ट्रोजन होतं, म्हणून छाती वाढते. पहिल्या इंजेक्शनपासूनच आठवड्यातून दोनदा अ‍ॅनास्ट्रोझोल घ्या, इस्ट्रोजन शून्यावर आणा, गाठ विरघळते. सोयाबीन बंद करा. एरंडेलाची मालिश आणि रोज शंभर पुशअप्स. डॉक्टर हे सांगत नाहीत.

पहिलं वाक्य बरोबर आहे, तेवढं मान्य करावंच लागेल. अरोमाटेज नावाचं एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजन करतं (अ‍ॅनास्ट्रोझोल त्यालाच अडवतं), ते चरबीत भरपूर असतं, म्हणून पोट सुटलेल्यांना हा त्रास जास्त होतो. मोठा डोस एकदम टोचला की पहिले काही दिवस पातळी खूप वर जाते आणि इस्ट्रोजनही वाढतं.

पण "शून्यावर आणा"? हे वाचून माझं डोकंच फिरलं. पुरुषाच्या हाडांना इस्ट्रोजन लागतं हो! १९९४ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका २८ वर्षांच्या माणसाची केस छापली होती. त्याच्या शरीरावर जन्मापासून इस्ट्रोजनचा परिणामच होत नव्हता, ते ओळखणारा रिसेप्टरच बिघडलेला. टेस्टोस्टेरॉन नॉर्मल. तरी हाडं ठिसूळ, आणि ज्या बुजल्या की उंची वाढायची थांबते त्या सांध्याजवळच्या पट्ट्या २८ व्या वर्षीही उघड्या, उंची २०४ सेंटिमीटर आणि अजून वाढतच होता. म्हणजे टेस्टोस्टेरॉन असूनही हाडं वाचली नाहीत. आता दादाचा विचार करा. टेस्टोस्टेरॉन कमी पडल्याने हाडं आधीच अशक्त व्हायची भीती, ती टिकावीत हेही इंजेक्शन द्यायचं एक कारण, आणि त्या इंजेक्शनपासून बनणारं नेमकं हाडांच्या उपयोगाचं इस्ट्रोजन हा गोळी घेऊन मारतोय! लैंगिक इच्छेलाही पुरुषांत इस्ट्रोजन लागतं, ते कमी केलं की तिथेही फटका बसतो.

बरं, निदान गाठ तरी विरघळते का? इटलीत २००५ साली प्रोस्टेट कॅन्सरच्या ११४ रुग्णांवर एक ट्रायल झाली, औषधाने छाती वाढू नये म्हणून. नुसत्या कॅन्सरच्या औषधावर ७३ टक्के लोकांची छाती वाढली, सोबत अ‍ॅनास्ट्रोझोल घेणाऱ्यांत ५१ टक्के, टॅमॉक्सिफेन (छातीवर इस्ट्रोजनचा परिणाम होऊ न देणारं दुसरं औषध) घेणाऱ्यांत फक्त १० टक्के. ते रुग्ण वेगळे, त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलेलं नव्हतं, हे खरं, पण मेसेजवाल्याने जे औषध छातीठोकपणे सांगितलंय तेच त्यात मागे पडलं. म्हणून आता टॅमॉक्सिफेन आणायला पळू नका! गाठ नवी आणि दुखरी असेल तर काही डॉक्टर काही महिने ते देतात, पण त्याने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो, आणि टेस्टोस्टेरॉनने रक्त आधीच दाट होऊ शकतं. गाठ वर्षभर जुनी होऊन निबर झाली की गोळ्यांचा फारसा उपयोग नसतो, त्रास होत असेल तर सर्जरी.

सोयाबीनचं म्हणाल तर जेवणातल्या सोयाने पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन कमी होत नाही. पुशअप्सने स्नायू वाढतो, निपलखाली वाढलेली ग्रंथी जात नाही. दुखऱ्या गाठीला मालिश तर नकोच.

"डॉक्टर सांगत नाहीत" याचा मला सगळ्यात जास्त राग आला. दादाने डॉक्टरांना विचारलंच नव्हतं! विचारल्यावर त्यांनी आधी हात लावून गाठ तपासली, मग इंजेक्शनच्या तारखा विचारल्या, टेस्टोस्टेरॉन, इस्ट्राडिऑल (मुख्य इस्ट्रोजन), हिमोग्लोबिन-हिमॅटोक्रिट (रक्त किती दाट आहे ते) या तपासण्या लिहून दिल्या, आणि पिट्युटरीचा पेशंट म्हणून प्रोलॅक्टिन या पिट्युटरीच्या हॉर्मोनचीही. दुसरी औषधं चालू आहेत का तेही विचारलं, कारण स्पायरोनोलॅक्टोन, केटोकोनॅझोल, रिस्पेरिडोन यांनीही छाती वाढते. डोस लहान करून लवकर लवकर द्यायचा किंवा जेलवर जायचं, हे रिपोर्ट बघून ठरेल. सुरुवातीला आलेली गाठ बऱ्याचदा अशीच बसते म्हणाले. इंजेक्शन मनाने बंद करायचं नाही, हेही बजावलं.

एकाच बाजूला आहे म्हणून सोनोग्राफीही लिहिलीये. गाठ दगडासारखी कडक असेल, निपलच्या बाजूला सरकलेली असेल, कातडी आत ओढली जात असेल, निपलमधून रक्त येत असेल किंवा काखेत गाठ लागत असेल तर त्याच आठवड्यात दाखवा. स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर केसेसमध्ये साधारण एक पुरुष असतो, आणि पुरुष उशिरा येतात, लाजेपायी.

दादाचे रिपोर्ट शुक्रवारी येतील. पट्टीतल्या उरलेल्या सहा गोळ्या वहिनीने माझ्याकडे दिल्यात, त्या मी सोबत नेणार आहे, कारण किती खाल्ल्या हे दादा अजून नीट सांगत नाहीये.