वीसपैकी अकरा: एका वडिलांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

(मुलगी एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून काका म्हणते.)

मागच्या आठवड्यात मी टीएच्या (टीचिंग असिस्टंट, म्हणजे प्रॅक्टिकल घेणारे आणि जर्नल तपासणारे संशोधक विद्यार्थी) कामाबद्दल लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पोटाला चिमटा काढून फी भरली, मुलीला पुण्यात प्राध्यापकांकडे शिकायला पाठवलं, आणि प्रॅक्टिकलला समोर उभी राहतात ती स्वतःच अर्धवट शिकलेली पीएचडीची मुलं. तीच जर्नल तपासतात, तीच मार्क देतात. मुलीला वीसपैकी अकरा मिळाले, का ते कुणी सांगितलं नाही. शिवाय ही मुलं मराठीत समजावतात, मग इंग्रजी येणार कधी? आणि महिना ३७ हजार घेऊन तास जास्त झाले म्हणून रडतात. तुमचा भाचा अमेरिकेत हेच काम निमूटपणे करतो.

मार्कांपासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचं दुखणं खरं आहे आणि ते मी दुसऱ्या बाजूनं पाहिलंय.

टीए म्हणून माझं पहिलं सत्र होतं. न्यूटन्स रिंग्जचा प्रयोग. सोडियमच्या पिवळ्या उजेडात भिंगाखाली काळ्या-पिवळ्या गोल कड्या दिसतात, ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपनं (स्क्रू फिरवून डावी-उजवीकडे सरकवायच्या मायक्रोस्कोपनं) त्यांचे व्यास मोजायचे आणि त्यावरून त्या उजेडाची तरंगलांबी काढायची. उत्तर ५८९३ अँगस्ट्रॉमच्या (तरंगलांबी मोजायचं अतिसूक्ष्म एकक) जवळपास यायला हवं, हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. एका मुलीचं उत्तर आलं ६२०० च्या आसपास. शेजारच्या मुलाचं जवळजवळ बरोबर. मी तिला दहापैकी चार दिले, त्याला नऊ. वीस जर्नलं संपवायची होती, मी शेवटचा आकडा बघत गेले.

पुढच्या आठवड्यात ती जर्नल घेऊन आली. ‘ताई, माझं कुठे चुकलं?’ मी म्हटलं, रीडिंग नीट घेतली नाहीस. ती म्हणाली, ‘मग तुमच्यासमोर परत घेते.’ साडेपाच वाजून गेले होते. लॅबमधले मामा कुलूप हातात घेऊन उभे होते. तिनं पहिली कडी डावीकडून धरली, मग स्क्रू उलटा फिरवून तीच कडी उजवीकडून, मग परत डावीकडे दुसरी. मामांनी दारातूनच सांगितलं, ‘त्या मायक्रोस्कोपचे आटे झिजलेत. एकाच बाजूनं फिरवत न्या, मागे फिरू नका.’ स्क्रू उलटा फिरवला की पहिला थोडा फेरा रिकामा जातो, आकडा बदलतो पण मायक्रोस्कोप जागचा हलत नाही. प्रत्येक व्यासात तेवढीच चूक मिसळत गेली होती. डावीकडच्या विसाव्या कडीपासून सुरू करून मधून थेट उजवीकडच्या विसाव्या कडीपर्यंत एकाच दिशेनं जायचं असतं. ते मी बॅचला सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी एकाच दिशेनं घेतलेल्या रीडिंगवरून तिचं उत्तर ५९०० च्या आत आलं.

त्यानंतर मी शेजारच्या मुलाचं जर्नल पुन्हा उघडलं. यंदा त्या सेटला वेगळी लेन्स होती. लेन्स बदलली की कड्यांचे व्यास बदलतात. त्याच्या जर्नलमधले व्यास जुन्या लेन्सचे होते, लेन्सची त्रिज्यासुद्धा जुनीच लिहिलेली. सगळं गेल्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवलेलं. तीन तास डोळा लावून प्रामाणिक रीडिंग घेणारीला मी चार दिले होते आणि उतरवणाऱ्याला नऊ.

सरांकडे जाऊन सगळं सांगितलं. मार्क अजून पुढे गेले नव्हते, ते दुरुस्त झाले. मुलाला प्रयोग परत करायला लावला. पण ती परत आली नसती तर? हा प्रश्न मला आजही छळतो. तुमच्या मुलीच्या अकरा मार्कांमागे असंच काही असू शकतं, हे मी नाकारत नाही. तेव्हापासून प्रत्येक बॅचला पहिली दहा मिनिटं तो स्क्रू हातात देऊन दाखवते आणि मांडणी, रीडिंग, आलेख, गणित, तोंडी यांना प्रत्येकी किती मार्क ते फळ्यावर लिहिते.

टीएनं तपासावंच का, असं तुम्ही विचारलंय. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) पीएचडी नियमांत याची सोय आहे: संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला ४ ते ६ तास ट्युटोरियल, प्रयोगशाळा आणि मूल्यमापनाचं काम देता येतं. त्याच नियमांत असंही आहे की विषय कोणताही असो, प्रत्येक पीएचडी विद्यार्थ्याला आपल्या विषयाच्या अध्यापनाचं आणि लेखनाचं प्रशिक्षण मिळायला हवं. त्या प्रशिक्षणाऐवजी मला कपाटाच्या किल्ल्या मिळाल्या आणि बॅचचं वेळापत्रक. तुमचा राग या रिकाम्या जागेवर असेल तर मी पूर्णपणे तुमच्या बाजूनं आहे.

‘अर्धवट शिकलेली’ हा शब्द मात्र मला मान्य नाही. आमच्या सरांचा विषयावरचा हात मला आयुष्यभर येणार नाही. पण व्हर्नियर (बारीक मोजमापाची सरकती पट्टी) वाचताना आपण कुठे अडखळायचो, हे आता त्यांना आठवत नाही. मला आठवतं, कारण पाचेक वर्षांपूर्वी मी तिथेच अडखळत होते. पोरं सरांना न विचारलेले प्रश्न आम्हाला विचारतात, आणि त्या प्रश्नांत खरं शिक्षण असतं.

आता मराठीचं. परत रीडिंग घेणारी माझ्या बॅचची तीच मुलगी, बीडकडची, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. व्यतिकरण, अपवर्तन हे शब्द तिला पक्के ठाऊक, व्यतिकरणालाच (दोन तरंग एकमेकांत मिसळण्याला) इंटरफेरन्स म्हटलं की घशात अडकायचं. कड्यांच्या मधोमध काळा ठिपका का, याचं इंग्रजी उत्तर जर्नलमध्ये घोटून लिहिलेलं होतं, शब्दन् शब्द बरोबर. मराठीत बोलायला लागल्यावर ती म्हणाली, ‘पण ताई, मधे तर दोन्ही काचा टेकल्यात. मग उजेड जातो कुठे?’ अख्ख्या सत्रात मला विचारलेला हा सगळ्यात चांगला प्रश्न. खालच्या काचेवरून परतताना तरंग उलटतो, वरच्या भिंगाच्या तळावरून परतणारा उलटत नाही, दोघं एकमेकांना पुसून टाकतात, तो उजेड पार खाली निघून जातो, हे आम्ही कागदावर काढलं. स्क्रूचं समजावलं तेव्हाही तीच म्हणाली, ‘म्हणजे आमच्या हापशासारखं. दांडा आधी थोडा रिकामा जातो.’ या रिकाम्या फेऱ्याला बॅकलॅश म्हणतात, हा शब्द ती त्याच दिवशी शिकली, आणि परीक्षेत तिनं तो इंग्रजीतच लिहिला. काका, मुलगी इंग्रजीत लिहील, बोलेल, पण कळलं असेल तर. प्रॅक्टिकलच्या टेबलापाशी मराठी बंद केली तर तो उजेडाचा प्रश्न तोंडाबाहेर पडणारच नाही.

पैशांचं थोडक्यात सांगते. ३७ हजार ही जेआरएफची (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप या शिष्यवृत्तीची) रक्कम, १ जानेवारी २०२३ पासूनची. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ मिळालेल्यांना ती मिळते, सगळ्यांना नाही. आमच्या लॅबमध्ये सहा जणांपैकी दोघांना आहे. गेट या प्रवेश परीक्षेवर एमटेकला आलेल्यांना महिना १२,४०० मिळतात आणि त्यात आठवड्याला ८ ते १० तास शिकवण्या-संशोधनाचं काम धरलेलं असतं. पुण्यात खोली आणि मेस धरून त्यातलं किती उरतं, हे मुलीचा खर्च भागवणाऱ्या तुम्हाला मी काय सांगू? माझ्या लेखातली तक्रार रकमेबद्दल नव्हतीच. जर्नल तपासण्याचा वेळ कुणी मोजत नाही, ही होती. वीस जर्नलं, प्रत्येकी दहा मिनिटं, म्हणजे तीन तासांहून जास्त, आणि मला दोन बॅच आहेत. तो वेळ धरलाच नाही की टीए शेवटचा आकडा बघतो. मी तेच केलं होतं. तास आणि तुमच्या मुलीचे अकरा मार्क हे एकच प्रकरण आहे.

अमेरिकेतल्या भाच्याबद्दल एवढंच: नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या टीए, संशोधक आणि पोस्टडॉक (पीएचडीनंतर संशोधन करणारे) मिळून ४८ हजार जणांनी संप केला, तो सुमारे सहा आठवडे चालला आणि त्यातून वेतनवाढ मिळाली. निमूटपणे करणारे तिथेही सगळे नाहीत. पण पहिल्या वर्गाआधी टीएला शिकवायला शिकवण्याची पद्धत तिथल्या अनेक विद्यापीठांत आहे. भाच्याला विचारा, त्याला काय काय शिकवलं. सांगितलंत तर मला उपयोग होईल.

आणि मुलीला सांगा, ते जर्नल घेऊन टीएकडे जा. ‘मार्क का कमी?’ असं नको, ‘नऊ मार्क कोणत्या पायरीवर गेले?’ असं विचार. त्याला सांगता आलं नाही तर प्रयोग त्याच्यासमोर परत करायची परवानगी माग. तीही मिळाली नाही तर जर्नल घेऊन थेट सरांकडे जा, आणि हे सगळं मार्क पुढे जायच्या आत कर.