किल्ल्याच्या बाहेरच्या आवारात जागा बघताय? मग हे वाचाच

मध्ययुगात जाऊन राहायचं ठरलंच असेल तर किल्ल्यात राहा, झोपडीत काय कुणीही राहतं. फक्त एक गोष्ट आधीच क्लिअर करून टाकू, तुम्ही सरदार नाही, बिशप नाही, राजाचे मेहुणे तर नाहीच नाही, त्यामुळे बालेकिल्ल्यातली ती उंच खिडकीची खोली विसरा. तुमच्या वाट्याला येणार बाहेरचं आवार. आपल्या गडांना माची असते ना, साधारण तोच प्रकार, म्हणजे तट आहे, बुरूज आहेत, दरवाजा आहे, सगळं आहे, फक्त तुमच्या पाठीमागे अजून एक खंदक आणि अजून एक तट आहे आणि त्याचा दरवाजा आतून लागतो. ही गोष्ट जागा दाखवताना कुणी सांगत नाही.

लोकेशन विचाराल तर माझं मत फ्रान्समधल्या नॉर्मंडीतल्या शातो गायार किल्ल्याला, हा भाग तेव्हा इंग्लंडच्या राजाकडे होता. सीन नदीचा फुल व्ह्यू, चुनखडीचा उभा कडा, खाली पायथ्याशी गाव. बिल्डर कोण तर साक्षात इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड, सिंहाच्या काळजाचा म्हणतात तोच. ११९६ ला काम सुरू केलं आणि ११९८ ला किल्ला उभा, दोन वर्षांत पझेशन, बोला! खर्च साधारण १२ हजार पौंड, तेव्हाच्या हिशोबानं डोळे पांढरे होतील एवढा. आवारं तीन, एकामागे एक. सगळ्यात आतल्या तटाला ओळीनं अर्धगोल फुगवटे काढलेत, म्हणजे दगड येऊन आदळला तरी घसरून जावा. बाहेरच्या आवाराला ही फॅन्सी डिझाईन नाही, साधी भिंत आणि गोल बुरूज, आणि शत्रू ज्या एकाच बाजूनं चालत येऊ शकतो त्या बाजूला नेमकं हेच आवार. वाईट वाटून घेऊ नका, कुणीतरी पुढं उभं राहायलाच लागतं.

आता रोजचं सांगतो. सकाळी गजर लावायची गरज नाही, लोहार असतो. नाल, खिळे, बाणांची टोकं, दिवसभर ठणठण, आणि तक्रार करायची सोय नाही कारण सरदाराचा घोडा अनवाणी राहिला तर तुम्हालाच ऐकून घ्यावं लागेल. त्याला लागून तबेला, तबेल्याला लागून गवताची गंजी, गंजीला लागून तुमचं घर, ज्याचं छप्पर पण गवताचंच, आणि या सगळ्याच्या मधोमध लोहाराची भट्टी, ज्यानं कुणी हे प्लॅनिंग केलं त्याला नमस्कार. पलीकडे भटारखाना आणि त्याच्या बाजूला बिअर बनवायची जागा. ही बिअर म्हणजे पार्टीवाली नाही हं, पातळसर एल, बायका पोरं सगळेच पितात, आणि ती टिकत नाही म्हणून पुन्हा पुन्हा बनवायचीच. मध्ययुगात कुणी पाणीच पीत नव्हतं असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या, विहीर कशाला खणतात मग, शोभेला? विहिरीवर मात्र लक्ष ठेवा, तुमचा उकिरडा तिच्यापासून जेवढा लांब पाहिजे तेवढा तो कधीच नसतो.

संडासाचं विचारताय ना, माहितीच होतं. वरच्या लोकांची सोय भिंतीतच, दगडाची बैठक, खाली भोक, आणि माल थेट तटाच्या बाहेर नाहीतर खंदकात. म्हणजे ज्या खंदकामुळे तुम्हाला सुरक्षित वाटतं तो नुसता खोल नाही, त्याला इतर गुणही आहेत. या भोकांची आठवण ठेवा, पुढे कामाला येईल, तुमच्या नाही म्हणा.

जनावरं पाळा. कबुतरं नको, कबुतरखाना म्हणजे सरदाराचा मान, तुमच्या शेतातले दाणे त्याची कबुतरं खाणार आणि कबुतरं तो खाणार, सिस्टीम एकदम सोपी. कोंबडी मात्र एक तरी पाळाच. डुकरं पण चालतील, पण त्यांच्यात जीव गुंतवू नका, कारण डुक्कर हे युद्धसाहित्य आहे. खोटं वाटत असेल तर इंग्लंडमधल्या रोचेस्टरला विचारा. १२१५ मध्ये जॉन राजानं स्वतःच्याच बंडखोर सरदारांना तिथं कोंडलं, बालेकिल्ल्याच्या कोपऱ्याखाली सुरुंग खणला, छताला लाकडी टेकू लावले आणि २५ नोव्हेंबरला हुकूम धाडला की चाळीस डुकरं पाठवा, चांगली जाडजूड, पण खायला कमी प्रतीची. राजा असला तरी काटकसर बघा! डुकरांची चरबी पेटली, टेकू जळाले, कोपरा ढासळला. नंतर तो बुरूज बांधला तो गोल, बाकीचे तीन चौकोनी तसेच, आजही जाऊन बघता येतं. चाळीस डुकरांचं स्मारक म्हणायला हरकत नाही.

संरक्षणाबद्दल तुम्ही पिक्चर बघून जे काही शिकलाय ते घरी ठेवून या. तटावरून उकळतं तेल ओतायचं वगैरे, अहो तेल काय भाव होतं! कढईत टाकायला मिळायची मारामार आणि हे शत्रूच्या डोक्यावर ओतणार. दगड टाका, फुकट असतात. उकळतं पाणी, तापवलेली वाळू, ही खरी गरिबाची शस्त्रं, वाळू चिलखताच्या फटीतून आत गेली की समोरचा माणूस भरतनाट्यम करतो. तटाच्या वरून बाहेर झुकलेले लाकडी सज्जे बांधतात, त्यांच्या जमिनीत भोकं ठेवतात म्हणजे अगदी पायथ्याशी आलेल्याला पण प्रसाद देता येतो, पण लाकूड म्हटलं की आग आली, म्हणून त्यावर जनावरांची ओली कातडी टाकायची. वास? त्या आवारात अजून एका वासानं काय फरक पडणार. आणि रात्री जमिनीवर पाण्यानं भरलेलं भांडं ठेवून झोपा, पाणी विनाकारण थरथरायला लागलं तर समजा खालून कुणीतरी खणतंय. मग काय करायचं? मग किल्लेदाराला उठवायचं, तो आतल्या आवारात झोपलाय, दरवाजा वाजवा, उघडेल कदाचित.

तर शातो गायार. रिचर्ड ११९९ ला गेला, गादीवर आला तो जॉन, डुकरंवाला. १२०३ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस फ्रान्सचा राजा दुसरा फिलिप सैन्य घेऊन आला, गाव पडलं आणि गावातली हजारभरापेक्षा जास्त माणसं पोराबाळांसकट किल्ल्यात शिरली. किल्लेदार रॉजर द लेसी, माणूस कडक, आधी घेतलं सगळ्यांना. मग कोठारातलं धान्य मोजलं आणि तोंडं मोजली. लढत नाही आणि खातो तो माणूस म्हणजे फालतू तोंड, त्या काळी खरंच असाच शब्द होता. पहिली तुकडी बाहेर काढली, फ्रेंचांनी जाऊ दिली. दुसरी काढली, ती पण गेली. मग फिलिपच्या डोक्यात प्रकाश पडला, की अरे ही माणसं आत राहिली तर ह्यांचं धान्य लवकर संपेल, मी कशाला मदत करतोय, आणि त्यानं ऑर्डर काढली, आता एकालाही सोडायचं नाही. पुढची काही शे माणसं बाहेर आली तर समोरून बाण. मागं वळली तर दरवाजा बंद.

मग ती तिथंच राहिली, तटाच्या आणि फ्रेंच छावणीच्या मध्ये, खंदकात, कपारीत, अख्खा हिवाळा. कागदोपत्री ती किल्ल्याचीच रहिवासी हं, फक्त बाहेरच्या आवाराच्या पण बाहेरच्या आवारात. जॉननं एकदा रसद पोहोचवायचा प्रयत्न केला होता, फसला, आणि डिसेंबरात तो जहाजात बसून इंग्लंडला निघून गेला, त्याला दुसरी कामं असतील. खालच्या लोकांनी गवत खाल्लं, कुत्री खाल्ली. शेवटी फिलिपलाच दया आली, त्यानं त्यांना अन्न द्यायला लावलं आणि सोडलं, पण तोवर बरेच जण मेले होते आणि काही अन्न पोटात गेल्यावर मेले.

पुढचं पटकन सांगतो. १२०४ च्या सुरुवातीला फ्रेंचांनी बाहेरच्या आवाराच्या टोकाच्या बुरुजाखाली सुरुंग खणला, बुरूज पडला, आवार गेलं, शिबंदी मधल्या आवारात पळाली. मधलं आवार पडलं ते तर ऐकाच, जॉननं हौसेनं एक नवी इमारत बांधली होती, चॅपल म्हणजे प्रार्थनाघर का काय, तिच्या खिडकीतून फ्रेंच शिपाई आत घुसले, आणि ते खिडकीपर्यंत पोहोचले ते संडासाच्या नळीतून असंही सांगतात. मी म्हटलं होतं ना भोकं लक्षात ठेवा. मग ते फुगवट्यांचं आतलं आवार, तिथं दरवाजासमोरचा पूल अख्ख्या खडकातच कोरलेला, त्यामुळे शत्रूला त्याच्याच आडोशाला बसून आरामात भिंतीखाली खणता आलं. ६ मार्च १२०४ ला खेळ खलास. बालेकिल्ल्यात जायला वेळसुद्धा मिळाला नाही, एवढा खर्च करून! रॉजर द लेसी कैद झाला, खंडणी भरून सुटला, खंडणीला जॉननं हातभार लावला आणि पुढे त्याला यॉर्कशायरचा शेरीफ पण केला. आतल्या माणसांचं नेहमी काही ना काही होतं.

आणि हो, कोंबडी. फिलिपचा पाद्री वेढ्याच्या वेळी तिथंच होता, त्यानं लिहून ठेवलंय की त्या हिवाळ्यात अडकलेल्या लोकांमध्ये कुठूनतरी एक कोंबडी उडून आली. ज्यांच्या अंगात ताकद उरली होती त्यांनी ती धरली आणि तशीच खाल्ली, पिसं, हाडं आणि पोटातल्या गरम अंड्यासकट.

तेव्हा कोंबडी पाळाच, आणि तिचे पंख कापू नका.