फळ्यावर लिहा ‘आजचं ताजं’

पर्वरी, ताळगाव, फातोर्डा किंवा फोंड्याजवळचं कुर्टी, यांपैकी कुठंतरी तुम्हाला रेस्टॉरंट काढायचंच आहे आणि ते ‘स्थानिक जिन्नसांचं’ असणार हेही घरात ठरलेलं आहे. उत्तम. किनाऱ्यावरचं भाडं झेपत नाही, पणजीत गाडी लावायला जागा नाही, म्हणून उपनगर. पण उपनगरातल्या गिऱ्हाइकाला शीत-कढी, म्हणजे भात नि माशाचं कालवण, घरी रोज मिळते. तीच त्याला चौपट दरात खाऊ घालायची तर सोबत काहीतरी कथा हवी, आणि सध्या ‘स्थानिक’ इतकी स्वस्तात पडणारी दुसरी कथा नाही. तिला लागतो एक काळा फळा आणि बऱ्या अक्षराचा एक पोरगा.

फळा मात्र नीट करून घ्या. वर ‘आजचं ताजं’ आणि खाली पदार्थ. पण खडूनं नाही, खडूसारख्या दिसणाऱ्या ऑइल पेंटनं. खडूनं लिहिलेलं रोज पुसावं लागतं, पुसलं की नवीन लिहावं लागतं, आणि नवीन काय लिहायचं हे कळायला कोणालातरी पहाटे मडगावच्या घाऊक मासळी बाजारात नाहीतर शुक्रवारी म्हापशात जाऊन उभं राहावं लागतं. एवढी हौस असती तर तुम्ही रेस्टॉरंट कशाला, खानावळच काढली असती.

फळ्यावर पहिला मान इसवणाचा, म्हणजे सुरमईचा. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस गोव्यात यांत्रिक मासेमारी बंद असते, पण म्हणून इसवणानं फळ्यावरून उतरायचं कारण नाही. गोची एकच. पर्वरीचं गिऱ्हाईक रोज मांडवी पुलावरून येतं-जातं आणि मालिमच्या मासळी धक्क्याला ओळीनं नांगरून ठेवलेले ट्रॉलर त्याला वरून स्वच्छ दिसतात. तेव्हा ‘मालिमचं नुस्तं’, म्हणजे तिथली मासळी, हे उत्तर वेटरला फक्त ऑगस्ट ते मे यासाठी शिकवा. जून-जुलैत ‘आमचा एक माणूस आहे’ एवढंच म्हणायचं. गोंयकार त्यापुढं विचारत नाही, कारण प्रत्येकाचा एक माणूस असतोच.

अख्खा इसवण आणायच्या फंदात तर पडूच नका. पाच किलोच्या माशाचं डोकं, शेपूट आणि पोटातली घाण वजा जाता साडेतीन किलोच्या आसपास तुकड्या हाती लागतात. त्याही शेपटीकडे लहान होत जातात, आणि शेजारच्या टेबलापेक्षा आपली तुकडी लहान का, यावर भरल्या जेवणात वाद होतो. डोक्याचं हुमण, म्हणजे माशाची आमटी, फक्कड होतं, पण डोकं वाढायला तुमच्या शेफला लाज वाटते. त्यापेक्षा गोठवलेला बासा घ्या. काटा नाही, वास नाही, सगळ्या फिलेट एका मापाच्या. त्रास एवढाच की वर बर्फाचं आवरण असतं, ते तुम्ही माशाच्या भावानं विकत घेता आणि तव्यावर ते पाणी होऊन सुटतं. रवा तव्यालाच चिकटून राहतो आणि फिलेट उघडी पडते. उपाय आहे. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात चाळणीवर ठेवा, सकाळी फडक्यात दाबून टिपा, तांदळाच्या पिठाचा पातळ हात द्या आणि वर रेशाद हा लाल मिरचीचा आंबट मसाला जाड थापा. रेशादखाली कुणाचं गोत्र कळत नाही. मेनूत मोघम ‘फिश’ लिहा. ‘चणक’ हे इथल्या नामी माशाचं नाव लिहायचा मोह झाला तर आवरा. एखादी आजी पहिल्याच घासाला ताट सरकवेल आणि का ते सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात सांगेल.

बांगडा आणि तारले टाळलेले बरे. ते इथल्याच समुद्रातले असतात, हंगामात ढिगानं मिळतात आणि म्हणूनच त्यांना भाव लावता येत नाही. बांगड्याचं हुमण ठेवलंच तर तेफळं, म्हणजे तिरफळं, मसाल्याबरोबर सरळ मिक्सरमध्ये ढकला. घरच्या बायका दहा-बारा तेफळं वेगळी ठेचतात, काळ्या बिया काढून टाकतात आणि कढीला उकळी येताना वरून घालतात. बियांसकट वाटली की कढी कडवट होते आणि दाताखाली कचकच येते. कोणी तोंड वाकडं केलंच तर ‘ही आजीच्या हातची चव’ म्हणावं. तिसऱ्यांचंही तसंच. दोन-तीन तास मिठाच्या पाण्यात ठेवून रेती सोडू देणं, तोंड उघडून पडलेल्या मेलेल्या तिसऱ्या वेचून फेकणं, मग विळीवर एकेक उघडणं, असली कामं करायला पगारी माणूस लागतो. पर्वरीत डॉक्टरांची काही वाण नाही.

सुंगटांना, म्हणजे कोळंबीला, ‘खाजनातली, मानशीवरची’ असं विशेषण लावा. खाजन ही खाडीकाठची बांध घातलेली जमीन, मानस हे त्या बांधातलं पाण्याचं दार. मानशीवर जाळं कधी लागणार ते भरती-ओहोटी ठरवते, तुमचा शनिवार-रविवार नाही. त्यामुळे विशेषण खाजनातलं आणि सुंगटं आंध्रातल्या तलावातली, सोललेली, एका किलोत किती ते पाकिटावर छापलेली. चवीत फरक पडतो हे खरं. म्हणून तर लोणी-लसूण आहे.

आता नुस्तेकान्नीशी, म्हणजे मासळी विकणारणीशी, व्यवहार. ती किलोवर नाही, वांट्यावर, म्हणजे मांडलेल्या ढिगावर, विकते. भाव सकाळी एक आणि अकरा वाजता दुसरा. उधारी नाही, पावती नाही. रोज गेलात तर चांगला माल टोपलीखाली राखून ठेवते, आठवडाभर दांडी मारली तर ओळख दाखवत नाही. उलट गोठवलेल्या मालाचा पुरवठादार दारात टेम्पो आणतो, महिन्याची उधारी देतो आणि दिवाळीला काजू पाठवतो. तुमचा अकाउंटंट तुम्हाला सांगेल की एका दिवसात एकाच विक्रेत्याला 10,000 रुपयांच्या वर रोख दिले तर तो खर्च प्राप्तिकरात धरत नाहीत. तो हेही सांगू शकला असता की शेतकऱ्याकडून किंवा मासे पकडणाऱ्याकडून थेट घेतलं तर त्यात सूट आहे. आणि साध्या रेस्टॉरंटला 5 टक्के जीएसटीत इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळतच नाही, शिवाय ताज्या भाजीवर नि ताज्या मासळीवर जीएसटीच नाही, त्यामुळे पुरवठादाराच्या छापील पावतीनं कर एका पैशानंही वाचत नाही. पण महिन्याला एक नोंद करायची की नव्वद, हा त्याच्या दुपारच्या झोपेचा प्रश्न आहे. त्याचं ऐका. गोव्यातल्या पुष्कळ ‘स्थानिक’ मेनूंचा खरा शेफ अकाउंटंटच असतो.

सोलकढीवर जरा थांबू या, कारण फसवायला सगळ्यात सोपी तीच आणि पकडून देणारीही तीच. एका मोठ्या नारळाचं खोबरं कोमट पाण्यात वाटून, पंच्यातून दोनदा पिळून तीन-चार ग्लास कढी होते. आठ-दहा सोलं अर्धा तास भिजवून कुस्करायची, लसणीच्या दोन पाकळ्या आणि एक हिरवी मिरची ठेचून घालायची, मीठ. ही कढी तापवली तर फुटते, आणि नुसती ठेवली तरी दोन-तीन तासांत वर दाट थर, खाली पाणी अशी वेगळी होते. म्हणजे दुपारची वेगळी पिळायची, रात्रीची वेगळी. नारळाचे भाव इतके चढलेले असताना हे कोणी सांगितलंय? पाकिटातली नारळाच्या दुधाची भुकटी दिवसभर एकजीव राहते. फक्त सोलांनी कढीला येतो तो मळकट, फिकट गुलाबी रंग. तो फोटोत मरतो. म्हणून बिटाचा रस. रंग मग असा येतो की ग्लास टेबलावर ठेवताच मोबाईल बाहेर निघतात. बिटाला मातीचा वास असतो, तो झाकायला लसूण तिप्पट करा. आंबटपणा लिंबानं भरून काढा. शेवटी ग्लासात भुकटी कुठली ते पाकिटालाच ठाऊक, बीट बेळगावचं, आणि स्थानिक म्हणाल तर पाणी.

तांदूळ उकडेच ठेवा, म्हणजे मेनूत ठेवा. खरे उकडे तांदूळ भरपूर पाण्यात, उघड्या टोपात पाऊण तास घेतात, मग पेज गाळायची. आणि निवलं की शीत टणक होतं, त्यामुळे बाराचं दोन वाजता वाढता येत नाही. गॅसचं बिल बघून मालकाला घाम फुटतो. कुकरच्या तीन शिट्ट्यांत होणारा कोलम वाढा आणि फळ्यावर ‘कोरगुट’ लिहा. खाऱ्या पाण्याला दाद न देता खाजनात उगवणारं हे भात पिकतं थोडं, हाती लागतं त्याहून थोडं. म्हणून खाली बारीक अक्षरात ‘उपलब्धतेनुसार’. हा शब्द पाठ करून ठेवा. एवढा राबणारा शब्द तुमच्या अख्ख्या हॉटेलात दुसरा नाही.

भाजीचं फार मनाला लावून घेऊ नका. चोर्ल्याच्या घाटातून बेळगावचा माल उतरतो आणि फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवरही बराचसा तोच असतो. अख्खं राज्य जेवतं, तुमचंच काय अडलंय? पावसाळ्यात मात्र तायकिळा, कुड्डूक, लूत, फागलां असली रानभाज्यांची नावं फळ्यावर शोभतात. नावांपुरतीच ठेवा. लूत आणि अळू शिजवताना आंबाडे नाहीतर सोलं पुरेशी पडली नाहीत तर घशाला खाज सुटते, आणि खाजणारं गिऱ्हाईक टिप देत नाही. अळमी तर वारुळावर उगवतात, पानात बांधून रस्त्याच्या कडेला सोन्याच्या भावानं विकतात, आणि अभयारण्यातून काढायला वनखात्याची बंदी. तुमची बटण मशरूम आहेत ना, त्यांना खोबऱ्याच्या वाटपात बुडवून ‘अळमी शैलीत’ म्हणा. शैलीवर कोणाची बंदी नाही.

आगशीच्या वांग्यांचं जरा जपून. भातकापणीनंतर लावलेली ही वांगी थंडीपासून पावसाच्या तोंडापर्यंत बाजारात असतात. ऑगस्टमध्ये ‘आगशीच्या वांग्याचं भरीत’ वाचून कोणी हसलं तर तो आगशीचाच असणार. त्याला आदरानं कोपऱ्यातलं टेबल द्या.

एका भिंतीवर जीआयचा, म्हणजे भौगोलिक मानांकनाचा, नकाशा काढून घ्या. फेणीला 2009 साली मानांकन मिळालं, बेबिंका या गोडाला आणि मानकुराद आंब्याला 2023 साली. खोल्याची मिरची आहे, हरमलची आहे, काजू आहे. भिंत भरते. स्वयंपाकघरात यांतलं काही असण्याची अट मानांकनाला नाही. रेशादला रंग ब्याडगीचा आणि नाव खोल्याचं, आंबटपणाला माडाच्या सुरेची विनागर म्हणून पातळ केलेलं ॲसेटिक ॲसिड. त्या बाटलीवर ‘सिंथेटिक’ असं कायद्यानं छापावं लागतं, म्हणून ती आत राहू द्या आणि काउंटरवर एक मातीचं मडकं मांडा. रेंदेर, म्हणजे सूर काढणारा, माडावर चढतो असा जुना कृष्णधवल फोटो वर लावला की काम झालं. सध्या चढणारा मिळणं कठीण, फोटो पुष्कळ.

पोयी, म्हणजे इथला पाव, पाववाल्या पदेराकडून रोज दोनदा घेण्याऐवजी सोमवारीच आठवड्याची घ्या. फ्रीजमध्ये ती उलट लवकर शिळी होते, आणि मायक्रोवेव्हमधून काढल्यावर पाच मिनिटांत चामड्यासारखी ताणते. तेवढ्या वेळात बिल आणा. गोडात सेरादुरा: मारी बिस्किटाचा भुगा, डब्यातलं दूध, क्रीम. सगळं पाकिटातलं, म्हणून गोव्यातल्या कुठल्याही दुकानात मिळतं. याहून स्थानिक काय हवं?

एक धोका तेवढा उरतो. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी, ना पाटी ना फळा अशी एक खानावळ असणार. मालकीण सकाळी जे मिळेल ते आणते. तारले मिळाले तर तारले, काहीच नाही मिळालं तर सुक्या सुंगटांची किसमूर आणि आळसांद्यांचं तोंडाक. उकडं शीत, पिळलेली सोलकढी, दोनच्या सुमाराला सगळं संपतं आणि ती दार ओढून घेते. ‘स्थानिक’ हा शब्द तिनं उभ्या जन्मात उच्चारलेला नाही. तिच्याशी स्पर्धा करू नका, दरात तर नाहीच. स्वतः तिथं बसून जेवूही नका, गिऱ्हाइकांपैकी कोणीतरी बघतं. साडेबाराच्या आत मागच्या दारानं पोरगा पाठवा, डबा आपला द्या, आणि हुमणाचं भांडं वेगळं सांगा. नाहीतर ती ते शितावरच ओतून देते.