टॅबलेटवर लिहिलेलं वाचतंय कोण?

आमच्या गावच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या महिन्यात वर्गणीची हाक आली. पहिली-दुसरीच्या वर्गात इंटरॅक्टिव्ह पॅनेल, म्हणजे फळ्याएवढा टचस्क्रीन, बसवायचंय, खर्च अंदाजे दीड लाख, तरी पुण्या-मुंबईला आणि परदेशात असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी हात सैल सोडावा. तासाभरात ग्रुपमध्ये दोन तट पडले. एकानं नागपूर जिल्ह्यातल्या वडधामन्याचा व्हिडिओ टाकला. तिथं 2025 मध्ये एआय अंगणवाडी सुरू झाली, तीन-चार वर्षांची पोरं डोळ्यांवर व्हीआर हेडसेट चढवून बसलेली. दुसऱ्यानं लगेच फॉरवर्ड टाकला की स्वीडननं शाळांतून टॅबलेट काढून फेकले आणि पुन्हा पुस्तकं आणली. मग एका वर्गमित्रानं मला विचारलं, "तू तिथंच असतेस ना? खरं काय ते सांग बाई."

मी आठ वर्षं स्टॉकहोमजवळ राहते. मुलगी गेल्या वर्षी पहिलीत गेली, इथं पहिली सातव्या वर्षी सुरू होते. आणि माझी आई माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमधून तीस वर्षं पहिली-दुसरी शिकवून निवृत्त झाली. म्हणजे दोन्ही बाजू माझ्या घरातच आहेत. ग्रुपवर चार ओळींत उत्तर मावेना, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी त्या फॉरवर्डबद्दल. तो अर्धा खरा आहे. स्वीडनमध्ये 2019 च्या जुलैपासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात सहा वर्षांखालच्या मुलांच्या बालवाडीतसुद्धा डिजिटल साधनं वापरणं बंधनकारक केलं होतं. 2023 मध्ये तेव्हाच्या शालेय शिक्षणमंत्री लोत्ता एडहोल्म यांनी गाडी उलटी फिरवली. डॉक्टर आणि मेंदूचे अभ्यासक आधीपासून बोलत होते, त्यात चौथीच्या मुलांच्या वाचनाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, म्हणजे पर्ल्समध्ये, स्वीडनचे गुण 2016 च्या 555 वरून 2021 मध्ये 544 वर आले. 2023 मध्येच पुस्तकांसाठी 68 कोटी 50 लाख क्रोनर मंजूर झाले, पुढच्या दोन वर्षांसाठी दरवर्षी 50 कोटी. 1 जुलै 2025 पासून बालवाडीतून पडदा जवळजवळ हद्दपार झाला, दोन वर्षांखालच्या मुलांसाठी तर खास. त्याच दिवसापासून शाळेच्या ग्रंथालयात माणूस असलाच पाहिजे असाही नियम आला.

पण टॅबलेट कुणी फेकले नाहीत. माझ्या मुलीच्या वर्गात ते आजही आहेत. आणि गुण घसरले ते टॅबलेटमुळेच, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. मधे महामारी येऊन गेली, वर्गात घरी स्वीडिश न बोलणारी मुलं वाढली. 544 हे गुणही युरोपातल्या बऱ्याच देशांपेक्षा चांगलेच आहेत. फॉरवर्ड करणाऱ्यांना एवढं खोलात जायचं नसतं, पण आपल्याला दीड लाख खर्चायचे असतील तर जायला हवं.

मुलीच्या वर्गात मी एका सकाळी जाऊन बसले होते, ते दृश्य सांगते. वीसेक मुलं, दोघांत एक टॅबलेट, एकाच छिद्रातून फुटलेले दोन हेडफोन. माझी मुलगी आणि तिची मैत्रीण पडलेल्या दाताबद्दल लिहीत होत्या. 'पडला' हा स्वीडिश शब्द 'तप्पात' असा, त्यात प दोनदा येतो. मुलीनं एकदाच टाईप केला. वाक्य संपल्यावर यंत्रानं ते मोठ्यानं वाचलं आणि तो 'ताऽपात' असा लांबट आला. दोघी थबकल्या. मैत्रीण म्हणाली, असं नाही म्हणत आपण. पुन्हा ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग मुलीनं आणखी एक प घातला, यंत्र बरोबर बोललं आणि दोघींचे खांदे एकदम खाली आले. शुद्धलेखनाचा हा नियम त्यांना मी कितीही समजावून सांगितला असता तरी इतका पक्का बसला नसता.

पण मला खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी दिसली. त्यांच्या बाईंनी सगळ्यांचं लिखाण छापून भिंतीवर लावलं होतं आणि प्रत्येकानं दुसऱ्या कुणाचं तरी वाचून खाली पेन्सिलनं काहीतरी लिहायचं होतं. मुलीच्या कागदाखाली वर्गातल्या एका मुलानं वेड्यावाकड्या अक्षरात विचारलं होतं, "रक्त आलं का?" तिनं खाली उत्तर लिहिलं. घरी आल्यावर चार वेळा मला तेच सांगितलं.

या पद्धतीचं मूळ नॉर्वेचे आर्ने त्रागेतॉन यांच्याकडे जातं. त्यांचं म्हणणं असं की सहा-सात वर्षांच्या मुलाला हातानं अक्षर काढणं जड जातं, म्हणून आधी कीबोर्डवर लिहू द्या, लिहिता लिहिता ते वाचायला लागेल, हस्ताक्षर दुसरीत घ्या. स्टॉकहोमच्या शेजारी सोलेंटुना म्हणून पालिका आहे. तिथं आनिका अगेली गेनलोट यांनी ही पद्धत बदलून राबवली: मुलांनी एकमेकांचं लिखाण वाचायचं, त्यावर लिहायचं, शिक्षकानं सतत दाद द्यायची. 2016 मध्ये त्यांनी आणि ओके ग्रोनलुंड यांनी पाचशेच्या आसपास मुलांचे तिसरीच्या परीक्षेचे निकाल मांडले. या पद्धतीनं शिकलेली मुलं सगळ्यांत पुढं. नेहमीच्या वही-पुस्तकावर शिकलेली मधे. आणि ज्यांच्या हातात साधनं दिली, पण एकेकट्यानं वापरायला सोडलं, ती सगळ्यांत मागं, म्हणजे ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांच्याही मागं.

ग्रुपवरच्या दोन्ही तटांनी या निकालापाशी जरा थांबावं असं मला फार वाटतं. तेच शहर, तीच यंत्रं. फरक पडला तो मुलानं लिहिलेलं कुणी वाचत होतं की नव्हतं, एवढ्यानं.

आता कुणी म्हणेल, मग हीच पद्धत आपल्याकडे आणू. तिथं आपली लिपी आडवी येते. मुलगी आजीला मेसेज करते तेव्हा मी शेजारी बसून बघितलंय. 'पिल्लू' हातानं लिहिताना ती आधी वेलांटी काढते, मग प. कीबोर्डवर आधी प दाबायचा, मग वेलांटी, आणि ती उडी मारून प च्या डावीकडे जाऊन बसते. मग ल, मग पाय मोडायची खूण, मग पुन्हा ल, तेव्हा कुठं ल्ल होतो. स्वीडिशमध्ये एक कळ म्हणजे एक अक्षर, हिशेब संपला. आपल्याकडे बहुतेक घरांत तर इंग्रजी अक्षरांतच टाईप करतात आणि फोन त्याचं मराठी करून देतो. पहिलीतल्या मुलाला बाराखडी त्या वाटेनं न्यायची का? माझं स्पष्ट मत आहे, नाही. देवनागरी हातातूनच शिकावी. पाटी, जमीन, वाळू, खडू, जे असेल त्यावर.

गेल्या डिसेंबरात आईबरोबर गावच्या शाळेत गेले होते. चार वर्ग मिळून पट एकोणीस. दोन शिक्षक, त्यातले एक त्या दिवशी प्रशिक्षणाला गेलेले. बाईंनी पहिली-दुसरीला लोकवर्गणीतून आलेल्या टीव्हीवर कवितांचा व्हिडिओ लावून दिला आणि स्वतः तिसरी-चौथीला भागाकार शिकवायला बसल्या. मधे दोनदा फोन वाजला, कसलीतरी माहिती दुपारच्या आत ऑनलाइन भरायची होती. मी त्या बाईंना काय तोंडानं सांगू की टीव्ही बंद करा? त्या वीस मिनिटांत चौथीची मुलं भागाकार शिकली, ती त्या टीव्हीच्या जिवावर.

पहिलीतला एक मुलगा पावसाची कविता टीव्हीबरोबर हातवारे करत अख्खी म्हणत होता, इतकी गोड की आईचे डोळे भरून आले. नंतर आईनं बालभारतीचं पुस्तक उघडून तीच कविता त्याच्यापुढं ठेवली आणि म्हणाली, बोट ठेवून म्हण रे बाळा. तो धडाधड म्हणत गेला. तोंडात बेडूक आला तेव्हा बोट ढगावर होतं. त्याला कविता पाठ होती, एकही शब्द वाचता येत नव्हता. घरी येताना आई म्हणाली, "टीव्हीवरनं कान शिकतो गं. डोळा शिकायला शेजारी कुणीतरी बसावं लागतं."

मुलांना वाचता येतं का ते तपासणाऱ्या 'असर' पाहणीच्या 2024 च्या अहवालात देशभरातल्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत तिसरीतली 23.4 टक्के मुलंच दुसरीचा उतारा वाचू शकली. 2022 मध्ये हा आकडा 16.3 होता, म्हणजे सुधारणा आहे. तरी चारातली तीन मुलं अजून मागं आहेत, आणि मला त्यांत तो मुलगा दिसतो.

यंत्राबद्दल माझ्या मनात आकस नाही. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या शिक्षकांनी आदिवासी पाड्यावर टॅबलेटची शाळा उभी केली, परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले आणि 2020 मध्ये जागतिक पुरस्कार मिळवला. तिथं वस्तूमागं जीव ओतणारा शिक्षक होता. आणि त्याच महाराष्ट्रात, आमच्या साताऱ्यातच, कुमठे बीट, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालचा शाळांचा गट, होतं. तिथल्या अधिकारी प्रतिभा भराडे आणि शिक्षकांनी वर्गातली फरशी खडूनं रंगवली, मुलं गटागटानं जमिनीवर बसून एकमेकांना शिकवायला लागली. राज्यभरातून शिक्षक ते बघायला यायचे, आईही एकदा गेली होती. आल्यावर तिनं आपल्या वर्गात पहिलं काय केलं तर बाकं भिंतीला सरकवली. मला राहून राहून वाटतं, सोलेंटुनात जे यंत्राच्या मदतीनं जमलं त्याचा गाभा कुमठ्याला खडूनं साधला होता. मात्र खडूच्या रेघांचं उद्घाटन होत नाही, फोटो छापून येत नाही आणि त्यासाठी वर्गणीही कुणी मागत नाही.

आणखी एक उदाहरण, कारण पैशांचा प्रश्न आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेनं मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत वस्तीतल्याच शिकलेल्या मुलींना बालसखी म्हणून नेमलं. मागं पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळं घेऊन बसायच्या. बडोद्यात चौथीच्या मुलांना, दोघांत एक, संगणकही दिले, आठवड्याला दोन तास गणितासाठी. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही उपाय तपासले. संगणकानं गणित चांगलंच सुधारलं. बालसखीमुळंही सुधारलं, आणि त्यासाठी खर्चलेल्या रुपयामागं फळ कितीतरी जास्त मिळालं.

स्वीडनला मागं फिरता आलं, कारण मागं फिरून जायला तिथं जागा होती. पुस्तकं घ्यायला पैसे होते, वीस मुलांना एक बाई होती आणि कधीकधी मदतीला दुसरीही. आमच्या शाळेत पॅनेल नको म्हटलं तर त्या जागी काय आहे, हा प्रश्न फॉरवर्ड करणाऱ्यानं स्वतःला विचारलेला नाही. पॅनेल हवं म्हणणाऱ्यानं हे विचारलेलं नाही की ते चालू असताना पहिलीच्या मुलांशेजारी कोण बसणार.

म्हणून ग्रुपवर मी असं लिहिलं. माझ्याकडून पंचवीस हजार पाठवतेय, पण ते पॅनेलसाठी वापरू नका. त्यातून पहिली-दुसरीसाठी मोठ्या अक्षरांची गोष्टींची पुस्तकं घ्या, आणि गावातल्या बारावी झालेल्या एखाद्या मुलीला मानधन देऊन रोज दोन तास मुलांचं वाचन ऐकायला बसवा. टीव्ही आहे तो राहू दे, बाईंना लागतो. पॅनेलचं पुढच्या वर्षी बघू, आणि तेही बाईंना विचारून, कारण या सगळ्या चर्चेत त्यांना अजून कुणी विचारलेलं नाही.

दोन दिवस ग्रुपवर कुणीच काही बोललं नाही. मग आईचा फोन आला. मुलगी मिळेपर्यंत मीच जाते म्हणाली. सोमवारपासून जातेय. पहिल्या दिवशी त्या मुलानं पुन्हा ढगावर बोट ठेवून बेडूक म्हटला. शुक्रवारी बोट ढ वर आलं तसा तो गप्प झाला, आईकडं बघितलं आणि म्हणाला, "बाई, ह्ये कुठलं अक्षर?"