“भिडलं की केंद्राचंच चालतं”: फिरणाऱ्या मजकुरातली पाच वाक्यं तपासून

राज्याने एखादा वेगळा कायदा केला किंवा केंद्राच्या निर्णयाला नकार दिला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: दोन कायदे भिडले की केंद्राचाच टिकतो, संसद हव्या त्या विषयावर कायदा करू शकते, जीएसटीनंतर राज्यांच्या हातात कर उरलेले नाहीत, फार ताणलं तर राष्ट्रपती राजवट आहेच, आणि तसंही राज्यं केंद्राच्या पैशावर चालतात. प्रत्येक वाक्यात चिमूटभर खरं आहे, म्हणूनच ते पटतं. गडबड बाकीच्या भागात आहे.

“दोन कायदे भिडले की केंद्राचाच टिकतो.”

कोणत्या विषयावर कायदा कुणी करायचा याच्या तीन याद्या घटनेच्या सातव्या अनुसूचीत आहेत: संघसूची केंद्राची, राज्यसूची राज्यांची आणि समवर्ती सूची दोघांची. मूळ घटनेत संघसूचीत ९७, राज्यसूचीत ६६ आणि समवर्ती सूचीत ४७ नोंदी होत्या. केंद्राच्या कायद्याला वरचढ ठरवणारं कलम २५४(१) लागतं ते मुख्यतः समवर्ती विषयांना. विषय निखळ राज्यसूचीतला असेल तर कुणाचा कायदा मोठा हे बघायची वेळच येत नाही. विषय मुळात कुणाचा, एवढंच न्यायालय तपासतं. औद्योगिक अल्कोहोलचा वाद याच जातीचा. ‘मादक मद्य’ ही राज्यसूचीतली आठवी नोंद. न पिण्याचं, कारखान्यात वापरायचं अल्कोहोल तिच्यात मोडतं का? ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ८ विरुद्ध १ मतांनी ‘मोडतं’ असा निकाल दिला आणि १९९० चा सात न्यायमूर्तींचा उलटा निकाल मोडीत निघाला.

समवर्ती विषयांतसुद्धा ‘नेहमी’ हा शब्द टिकत नाही, कारण कलम २५४(२). राज्याचं विधेयक केंद्राच्या आधीच्या कायद्याशी विसंगत असेल तर राज्यपाल ते राष्ट्रपतींसाठी राखून ठेवतात. संमती मिळाली की त्या राज्यापुरता राज्याचाच कायदा चालतो. बैलगाडा शर्यत आठवा. प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धचा केंद्राचा कायदा १९६० चा. त्याच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये शर्यती आणि जल्लिकट्टू (तमिळनाडूतला बैलांना काबूत आणण्याचा खेळ) बंद केले. मग तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांनी २०१७ मध्ये त्याच कायद्यात आपापल्या राज्यापुरत्या दुरुस्त्या करून राष्ट्रपतींची संमती मिळवली. महाराष्ट्राची दुरुस्ती उच्च न्यायालयात अडकली, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. शर्यतीच्या घाटात आज बैलगाड्यांची बारी सुटते ती राज्याच्या कायद्याच्या जोरावर.

ही वाट मात्र निसरडी आहे. राष्ट्रपती संमती देतात ती केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. दुसरं, पाठवलेल्या प्रस्तावात ज्या केंद्रीय कायद्याशी विसंगती दाखवली असेल, संमती तेवढ्यापुरतीच धरली जाते. मुंबईच्या कैसर-इ-हिंद खटल्यात (२००२) नेमकं हेच आडवं आलं. मुंबई भाडे कायद्याला संमती होती, पण सार्वजनिक जागांवरून बेदखल करण्याचा केंद्राचा कायदा त्या प्रस्तावात नव्हता, त्यामुळे तिथे केंद्राचाच कायदा लागू झाला. एका राहून गेलेल्या उल्लेखाची किंमत! तिसरं, संसद नंतर नवा कायदा करून राज्याची ही सवलत काढून घेऊ शकते. मजकूर लिहिणाऱ्याने या तीन अटी सांगितल्या असत्या तर भांडायला फारसं काही उरलं नसतं.

“संसद हव्या त्या विषयावर कायदा करू शकते.”

राज्यसूचीत शिरायला संसदेला दार लागतं. राज्यसभेचा दोनतृतीयांश मतांचा ठराव (कलम २४९) एका वेळी एकच वर्ष चालतो. आंतरराष्ट्रीय करार (कलम २५३) हे सगळ्यात रुंद दार, हे मान्य. तिसरं दार राज्यांनीच उघडायचं असतं: दोन किंवा अधिक विधिमंडळांनी ठराव करून संसदेला विनंती केली की कलम २५२ लागतं.

युएलसी, म्हणजे १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा, याच दारातून आला. जमीन हा राज्याचा विषय, म्हणून महाराष्ट्रासह ११ राज्यांनी ठराव केले आणि मुंबईत रिकाम्या जमिनीची कमाल मर्यादा ५०० चौरस मीटर झाली. संसदेने १९९९ मध्ये तो रद्द केला. महाराष्ट्रात मात्र तो चालूच राहिला, कारण रद्द करणारा कायदा लागू व्हायलाही विधिमंडळाचा ठराव हवा होता. तो झाला २९ नोव्हेंबर २००७ ला. दिल्लीने पुरलेला कायदा मुंबईत आठ वर्षं जिवंत होता. शेवटी हललं तेही बरंचसं निधीमुळे: नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेचे पैसे हवे असतील तर युएलसी रद्द करणं ही अट होती.

“जीएसटीनंतर राज्यांच्या हातात कर नाहीत.”

जीएसटीचे निर्णय केंद्र आणि राज्यं मिळून जीएसटी परिषदेत घेतात. तिथल्या मतांचं गणित करून बघू. परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एकतृतीयांश, सर्व राज्यांचं मिळून दोनतृतीयांश, आणि ठराव मंजूर व्हायला तीनचतुर्थांश लागतं. विधानसभा असलेले तीन केंद्रशासित प्रदेश धरून राज्यं ३१. सगळी हजर असतील तर प्रत्येकाचं वजन साधारण २.१५ टक्के, मग ते महाराष्ट्र असो की गोवा. केंद्राला ठराव काढायला किमान २० राज्यं लागतात. १२ राज्यांनी विरोध केला की ठराव पडतो. केंद्राचा नकाराधिकार आहे हे खरं, पण एकट्याचा हुकूम नाही. शिवाय मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की परिषदेच्या शिफारशी संसदेवर किंवा विधिमंडळांवर बंधनकारक नाहीत.

“ताणलं तर राष्ट्रपती राजवट.”

राष्ट्रपती राजवट लागते ती कलम ३५६ खाली, आणि धोरणावरचं भांडण हे त्याचं कारणच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या बोम्मई निकालानंतर राजवटीची उद्घोषणा न्यायालयात तपासता येते, बहुमत सभागृहातच मोजायचं असतं आणि संसदेची मंजुरी येईपर्यंत विधानसभा विसर्जित करता येत नाही. ही मंजुरी दोन महिन्यांत लागते, म्हणजे राज्यसभेतही. २०१६ मध्ये अरुणाचलचं हटवलेलं सरकार न्यायालयाने परत बसवलं.

“राज्यं केंद्राच्या पैशावर चालतात.”

विभाज्य करांतला, म्हणजे केंद्राने गोळा करून राज्यांशी वाटून घ्यायच्या करांतला, वाटा ही केंद्राची मेहेरबानी नव्हे. तो कलम २७० खालचा हक्क आहे; ही वाटणी सुचवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाप्रमाणे २०२१ ते २०२६ या काळासाठी तो ४१ टक्के होता. राज्यांची खरी तक्रार वेगळी आहे: सेस आणि अधिभार, म्हणजे केंद्राने वरून लावलेले जादा कर, या वाटणीत येत नाहीत. मे २०२२ च्या कपातीनंतर पेट्रोलवर लिटरमागे केंद्राचा कर १९ रुपये ९० पैसे होता. त्यातलं मूळ उत्पादन शुल्क फक्त १ रुपया ४० पैसे, आणि वाटणी तेवढ्याचीच होती. सगळ्या राज्यांना मिळून सुमारे ५७ पैसे. त्यात महाराष्ट्राचा हिस्सा तेव्हा ६.३१७ टक्के होता, म्हणजे लिटरमागे साडेतीन पैशांच्या आसपास.