आधी मुलांची उंची मोजा!

एका लेखात टोकियोची डिस्नेलँड आणि डिस्नेसी ही दोन्ही पार्कं 'एका दिवसात उरकता येतात' असं लिहिलंय. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी कृपया असं करू नका. एक तर नेहमीचं एक दिवसाचं तिकीट एकाच पार्कचं असतं, आणि तेही ठरलेल्या तारखेचं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे निघण्यापूर्वी घरी मुलांची उंची मोजा, बूट काढून. डिस्नेसीतल्या रेजिंग स्पिरिट्स या रोलर कोस्टरला किमान 117 सेंमी उंची लागते. आमची धाकटी मोजपट्टीला पाठ लावून, मान ताणून उभी राहिली, तरी दोन बोटं कमीच पडली. तिचा तो चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. आधी सांगितलं असतं तर ती आस लावून बसली नसती. अशा वेळी रायडर स्विच विचारा: एक पालक मुलाजवळ थांबतो, दुसरा राइड घेऊन परतला की थांबलेल्या पालकाला पुन्हा सगळी रांग लावावी लागत नाही.

आणि हो, टोकियो स्टेशनवर या पार्कांकडे जाणाऱ्या केइयो रेल्वे लाइनचा फलाट बाकीच्या फलाटांपासून बराच दूर आहे. लहान मुलं सोबत असतील तर पंधरा-वीस मिनिटं हाताशी ठेवाच. उतरायचं माइहामा स्टेशनला.