दादा, ऑस्ट्रेलियाचं नाव घेऊ नको

आमच्या घरच्या ग्रुपवर आठवडाभर एकच विषय चालू आहे, पोट्ट्यांचा मोबाईल. सुरुवात माझ्या आतेभावानं, म्हणजे दादानं केली. "पाहा, ऑस्ट्रेलियानं सोळाच्या आतल्यांचं इन्स्टा, टिकटॉक, स्नॅपचॅट सगळं बंद केलं, तिथले पोट्टे आता मैदानात खेळून राहिले, अन् आपल्याकडे नुसत्या चर्चा." त्यावर आत्याचा व्हॉइस मेसेज, की एन्झायटी अन् काय काय ते सगळे फॉरेनचे चोचले आहेत बाई, आमच्या वेळी कोणाला एवढा टाइम होता. मग कोणीतरी गोल्डफिशवालं फॉरवर्ड टाकलं, एका काकांनी हात जोडले, आणि मग सगळ्यांनी मिळून मला टॅग केलं, तू तर तिथंच राहते ना, सांग मग.

तर सांगते. मी मेलबर्नला राहते, माझी पोरगी नववीत आहे, तिचं अकाउंट बंद झालं आणि ती मैदानात गेलेली नाही. कायदा २०२४ च्या नोव्हेंबरमधे पास झाला, लागू झाला १० डिसेंबर २०२५ ला, आणि डिसेंबरात इथं उन्हाळ्याची सुट्टी लागते, तेव्हा पोरं तशीही बीचवर पडलेली असतात, त्याचं क्रेडिट पार्लमेंटला देऊ नका. दंड कंपनीला आहे, ४ कोटी ९५ लाख डॉलरपर्यंत, पोराला नाही अन् आईबापालाही नाही. यूट्यूब लॉगिन न करता दिसतं. गेमवालं रोब्लॉक्स, गप्पांचं डिस्कॉर्ड बंदीच्या यादीत नाहीत, तर माझी पोरगी सगळं बिऱ्हाड घेऊन डिस्कॉर्डवर गेली. आणि व्हॉट्सॲपही यादीत नाही, म्हणजे आपला हा ग्रुप ऑस्ट्रेलियातही सुखरूप आहे.

शाळेत फोन बंद म्हणाल तर आमच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या सरकारी शाळांत ते २०२० पासूनच आहे, पहिल्या बेलपासून शेवटच्या बेलपर्यंत लॉकरमधे. ते मला पटतं आणि ते चालतंही. पण ते चालतं याचं कारण टीचरही वर्गात स्क्रोल करत बसत नाही, हे कोणी लिहीत नाही.

आणि बंदीचं आपल्याला काय नवल सांगता. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखा बंद आहे आणि नागपुरात कोणत्याही पानठेल्यावर उभं राहा, सुपारी-तंबाखूचा खर्रा समोर घोटून देतात. टिकटॉक आपण २०२० च्या जूनमधे बंद केलं, जुलैत रील्स आले, आणि दादा, तुझी रील्स बघायची सुरुवात तेव्हाचीच आहे, मला आठवतं, कारण तू मलाच पाठवायचास.

गोल्डफिशचं पण सांगून टाकते, कारण ते फॉरवर्ड दर वर्षी नवीन होऊन येतं. माणसाचं लक्ष आता ८ सेकंद, माशाचं ९. हे मायक्रोसॉफ्टच्या कॅनडा ऑफिसनं जाहिरातवाल्यांसाठी काढलेल्या २०१५ च्या रिपोर्टमधलं आहे, त्यामागं धड संशोधन नाही. ज्यांनी खरंच मोजलं त्यांच्यापैकी एक म्हणजे कॅलिफोर्नियातल्या प्रोफेसर ग्लोरिया मार्क. स्क्रीनवर एका गोष्टीवर माणूस सरासरी किती टिकतो, तर २००४ च्या सुमाराला अडीच मिनिटं, आणि अलीकडं ४७ सेकंद. आता हे कोणाचं मोजलं? ऑफिसात कामाला बसलेल्या मोठ्या माणसांचं! आणि त्यांचं लक्ष मोडणारा जवळजवळ निम्म्या वेळा दुसरा कोणी नसतो, नोटिफिकेशनही नसतं, माणूस आपला आपणच उठून दुसरीकडं जातो. हे वाचलं तेव्हा मला आपल्या नववीतल्या पोट्ट्यांपेक्षा नागपूरच्या मिहानमधल्या कंपनीत नोकरी करणारा आमचा दुसरा भाऊ आठवला, ज्याचा मॅनेजर रात्री दहाला "एक छोटंसं काम" म्हणून फोन करतो आणि हा जेवता जेवता उठतो. इथं निदान २०२४ च्या ऑगस्टपासून तसा कायदा आहे, कामाच्या वेळेनंतर बॉसला उत्तर दिलं नाही तरी चालतं (लहान कंपन्यांना तो एक वर्षानं लागू झाला). आता म्हणाल तिकडचं कौतुक सुरू झालं. झालं तर झालं.

उदाहरणच पाहिजे तर इतक्या लांब कशाला येता, सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचं वडगाव घ्या ना. २०२२ मधे त्यांनी ठरवलं, संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजणार आणि दीड तास सगळ्या गावाचे मोबाईल बंद, टीव्ही बंद. सोळाच्या खालचे अन् वरचे असा भेद नाही, आजीची सिरियलसुद्धा बंद. हे आपल्या ग्रुपवर कोणी टाकलं नाही, ऑस्ट्रेलियाचं टाकलं. काहून? कारण ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात दादाला काहीच करावं लागत नाही.

आता आत्या. आत्या माझी फार लाडकी आहे म्हणून जरा सांभाळून लिहिते. मामंजींना, म्हणजे आत्याच्या नवऱ्याला, कामठीहून यायला उशीर झाला की आत्या फाटकापाशी उभी, मग आत, मग परत फाटकापाशी, रात्री गॅसचं बटण दोनदा बघून झोपायची आणि झोपल्यावर परत उठायची. जीव घाबरते म्हणायची, आणि डॉक्टर गॅसेसची गोळी द्यायचे. ते चोचले नव्हते आत्या, मी तुझ्या शेजारीच झोपायचे. पण ज्या नागपुरात अख्ख्या चौकाला पागलखाना चौक म्हणतात आणि ऑटोवाल्याला तसंच सांगतात, तिथं कोण कशाला म्हणेल की मला डॉक्टरकडे न्या. आता मनाच्या त्रासासाठी १४४१६ नंबर आहे, टेली-मानस, सरकारचा, फुकट, मराठीत बोलतात, २०२२ पासून चालू आहे. फॉरेनचं असतं तर दिल्लीनं काढलं असतं का?

इथं मेलबर्नला बोलायला लाज नाही हे खरं. जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे जा, मेंटल हेल्थ प्लॅन करून घ्या, वर्षाला दहा सेशनपर्यंत मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, पैसे परत देतं, सगळे नाही पण देतं. माझ्या पोरीसाठी आम्ही तो केला. मग तिच्या वयाच्या मुलांना बघणारी सायकॉलॉजिस्ट मिळेपर्यंत टर्म संपली. त्या काळात तिच्याशी रोज बोलायला होतं कोण, तर मी आणि तिचा बाप, दोघं नोकरीवाले. नागपुरात आमच्या खामल्यात असती तर खालची काकू, वरची मावशी, समोरच्या फ्लॅटमधले आजोबा, सगळ्यांनी तोंड बघून विचारलं असतं, का गं पोरी, जेवली नाही का? ह्याच चौकशीचा मला तेव्हा इतका वैताग होता की मी नागपूर सोडायचं एक कारण म्हणून ते मैत्रिणींना सांगायचे, कॉलेजातून यायला पंधरा मिनिटं उशीर झाला की गल्लीभर माहीत. इथं शेजारी बिन डेला, कचऱ्याचे डबे बाहेर ठेवायच्या दिवशी, हात हलवतात. चांगले आहेत बिचारे, कधी काही विचारत नाहीत.

एक गोष्ट ग्रुपवर लिहिली नाही, इथं लिहिते. सर्वात जास्त फोन आमच्या घरात माझ्या हातात असतो. सांगलीचा तो सातचा भोंगा मेलबर्नमधे उन्हाळ्यात रात्री साडेबाराला पडेल, आणि साडेबाराला मी जागीच असते. रील्स नाही बघत. बाबांचं लास्ट सीन बघते. आई गेल्यापासून ते एकटे आहेत, सकाळी अंबाझरीला फिरायला जातात, आल्यावर गुड मॉर्निंगचं फूल पाठवतात. ते फूल उशिरा आलं की ऑफिसच्या मीटिंगमधे माझे ४७ सेकंदसुद्धा होत नाहीत. मे महिन्यात नागपूरचं टेम्परेचर बघते, ४५, ४६, कूलरमधे पाणी भरलं असेल का, बाईनं सुट्टी तर नाही मारली, दादाला विचारते, दादा निळ्या टिका दाखवून गप्प. माझ्याकडून फोन काढून घेतला तर माझं लक्ष सुधरेल, नक्की सुधरेल. पण मग नागपुरात माझं म्हणून काय उरतं?

बरं, नागपुरात आल्यावर तरी सुटावं, तर तेही नाही. मागच्या वेळी आले तेव्हा आत्याकडे जेवायला होतो, सावजी मटण केलं होतं खास माझ्यासाठी, आणि मी ताटाच्या बाजूला फोन ठेवून शाळेचं ॲप बघत होते, पोरीचा रिपोर्ट यायचा होता, मग तिकडचं वेदर, मग आमच्या सबर्बच्या ग्रुपवर कोणाचं मांजर हरवलं ते. मांजर! आत्या म्हणाली, "इथं असली की तिथं, तिथं असली की इथं, हिचं काय ते एन्झायटीच आहे का रे?" सगळे हसले. दादा म्हणाला, "नाही गं आई, तिचा एनआरआय प्रॉब्लेम आहे." मला राग आला होता, अजूनही येतो, कारण हे तो फोनमधून मान वर न करता बोलला.